अडकलेला अथवा फुटलेला विजेचा दिवा कसा काढावा

विजेचा दिवा बदलणें हें काम इतकें क्षुल्लक समजलें जातें कीं, तें कोणास शिकवावें लागेल असें वाटतच नाहीं. दिवा गेला, स्टुलावर चढलें, जुना काढला, नवा बसविला, कीं झालें! बहुतेक वेळां हें असेंच निर्विघ्न पार पडतें. परंतु कधीं कधीं जुना दिवा होल्डरमधून हलतच नाहीं. किंवा जोर करतांच त्याची कांच हातांत येते व धातूची टोपी मात्र वरच राहते. अशा वेळीं घाई, अंधार आणि अर्धवट ज्ञान हीं तिन्ही एकत्र येतात. मग या क्षुल्लक कामांतच कोणाचा हात कापतो, कोणी स्टुलावरून पडतो, तर कोणास विजेचा प्राणघातक धक्का बसतो. यास्तव या विषयाची थोडी शास्त्रीय माहिती आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करण्याचें योजिलें आहे.

प्रथम दिवा होल्डरमध्यें कसा बसलेला असतो तें पाहूं. आपल्याकडे घरोघर जो होल्डर आढळतो, त्याची युक्ति बंदुकीच्या संगिनीसारखी आहे. दिव्याच्या बुडाशीं २२ मिलिमीटर व्यासाची धातूची टोपी असते व तिच्या दोन बाजूंस दोन बारीक खुंट्या असतात. होल्डरच्या कडेस आंकड्यासारख्या वळलेल्या दोन खांचा असतात. दिवा वर दाबला कीं खुंट्या खांचांत शिरतात. किंचित् फिरविला कीं त्या आंकड्याच्या वांकांत येतात. आणि हात सोडला कीं होल्डरमधील दोन स्प्रिंगा दिव्यास खालीं ढकलून खुंट्या तेथेंच घट्ट बसवितात. या स्प्रिंगांवरील टोंकांवाटेंच दिव्यास वीज मिळते. दुसरा प्रकार आट्यांच्या टोपीचा. हा अमेरिकेंत एडिसननें रूढ केला. आपल्याकडे टेबलावरील शोभेच्या दिव्यांत व झुंबरांत तो दृष्टीस पडतो. मोठ्या दिव्याच्या अशा टोपीचा व्यास २७ व लहान दिव्याच्या टोपीचा १४ मिलिमीटर असतो.

संगिनी पद्धतीचा दिवा काढण्यास तीन क्रिया लागतात हें या रचनेवरून ध्यानांत येईल. आधीं दिवा वर दाबावयाचा. तो दाबून धरूनच, खालून पाहतां घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरवावयाचा. आणि मग खालीं घ्यावयाचा. पुष्कळ लोक पहिली क्रिया विसरतात व एकदम फिरवूं लागतात. खुंटी वांकाच्या भिंतीस अडते, आणि दिवा अडकला अशी घरभर हाकाटी होते. अडकलेले म्हणून दाखविले जाणारे कित्येक दिवे असे केवळ नीट न दाबल्यामुळेंच अडकलेले असतात.

खरोखर अडकलेल्या दिव्याचीं कारणें निराळीं. कोंकणपट्टींत व मुंबईंत हवा दमट व खारी. दिव्याची टोपी पुष्कळदां अॅल्युमिनियमची व होल्डरचें कडें पितळेचें असतें. दोन भिन्न धातु ओलाव्यांत एकमेकांस लागून राहिले म्हणजे त्यांचा एक लहानसा विद्युद्घटच बनतो, आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातु, म्हणजे येथें अॅल्युमिनियम, हळूहळू झिजून त्याची पांढरी भुकटी सांध्यांत दाटते. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं या क्रियेचा प्रयोग प्रयोगशाळेंत केलाच असेल. दिवाळींतला आकाशकंदील किंवा नाताळांतला कागदी तारा कित्येक रात्री दंवांत टांगलेला असतो. त्यांतील दिवा पुढें निघतां निघत नाहीं, याचें कारण हेंच. दुसरें कारण उष्णता. जुन्या पद्धतीच्या दिव्यांतील टंगस्टनची तार सुमारें २,५०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापते, व तिला दिलेल्या विजेपैकीं फारच थोडा अंश प्रकाशरूप होतो. बाकी सर्व उष्णता. अरुंद बंद भांड्यांत असा मोठा दिवा वर्षानुवर्षें जळत राहिला कीं होल्डरचें बेकलाइट करपून ठिसूळ होतें, स्प्रिंगा नरम पडतात, आणि सैल झालेल्या सांध्यांत ठिणग्या उडून टोपी जागच्या जागीं चिकटते. टोपी व कांच यांस जोडणारा लेपहि उष्णतेनें सुटतो. मग कांच फिरते, पण टोपी फिरत नाहीं. असें दिसलें कीं फिरविणें तात्काळ थांबवावें. कारण आंतील दोन तारा पिळल्या जाऊन एकमेकींस लागण्याचा संभव असतो.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. भिंतीवरचें बटन बंद केलें म्हणजे होल्डरमधील वीज गेली, अशी आपणां सर्वांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, आणि दिवा काढतांना बसणाऱ्या धक्क्यांच्या मुळाशीं पुष्कळदां हीच असते.

घरांत विजेच्या दोन तारा येतात. एकीस फेज म्हणतात व दुसरीस न्यूट्रल. न्यूट्रल तार विजेच्या केंद्राकडे जमिनीशीं जोडलेली असते. फेज तारेवर जमिनीच्या मानानें २३० व्होल्टचा दाब असतो. जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्यानें फेज तारेस हात लावला तर वीज त्याच्या देहांतून जमिनीकडे जाते. यासाठीं बटन नेहमीं फेज तारेवर बसविलें पाहिजे, म्हणजे तें बंद करतांच होल्डर निर्जीव होतो. परंतु एखाद्या निष्काळजी कारागिरानें तें न्यूट्रलवर बसविलें, तर काय होईल? बटन बंद करतांच दिवा विझेल, लावतांच पेटेल, आणि घरच्यांस वर्षानुवर्षें कांहींच संशय येणार नाहीं. पण दिवा विझलेला असतांहि होल्डरच्या दोन्ही टोंकांवर फेज तारेचा दाब तसाच राहील. कारण एका टोंकाकडून तो दिव्याच्या तारेवाटे दुसऱ्या टोंकाकडेहि पोंचतो. जुन्या घरांत, विशेषतः जेथें वेळोवेळीं नवे फांटे जोडले गेले आहेत तेथें, असा उलटा जोड आढळणें मुळींच दुर्मिळ नाहीं. बटन बंद करूनहि एखादा एलईडी दिवा रात्रीं मंद मिणमिणत राहतो. त्याचीं कारणें अनेक आहेत, पण हें त्यांपैकीं एक होय. तो जोड वायरमनकडून तपासून घ्यावा.

जिन्यांतील दिव्याची गोष्ट आणखी फसवी. तेथें खालीं एक व वर एक अशीं दोन बटनें असतात. त्यांपैकीं कोणतेंहि फिरविलें तरी दिव्याची स्थिति पालटते. तेव्हां बटन वर आहे कीं खालीं आहे यावरून वीज चालू कीं बंद हें सांगतांच येत नाहीं. त्यांत दिवा फुटलेला असला तर तो पेटत नाहीं, म्हणून डोळ्यांनींहि उलगडा होत नाहीं.

हा दाब किती घातक आहे याचें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. ६० वॅटच्या दिव्यांतून २३० व्होल्टवर सुमारें ०.२६ अँपिअर, म्हणजे २६० मिलिअँपिअर, प्रवाह वाहतो. मनुष्याच्या छातींतून मात्र सुमारें ३० मिलिअँपिअर प्रवाह थोडा वेळ वाहिला तरी प्राणावर बेततें. म्हणजे एक साधा दिवा जेवढी वीज घेतो, तिचा आठवा-नववा हिस्साहि मनुष्यास पुरे होतो. फ्यूज आहे, तो उडेल, असें कित्येक म्हणतात. दिव्यांच्या मार्गावरचा फ्यूज साधारणतः ५ अँपिअरचा, म्हणजे ५,००० मिलिअँपिअरचा असतो. मनुष्याच्या देहांतून जाणारा प्रवाह त्याच्या खिजगणतींतहि नसतो. फ्यूज तारांस जळण्यापासून वांचवितो. माणसास वांचविणें हें त्याचें कामच नव्हे. तें काम करणारें यंत्र निराळें. त्यास आरसीसीबी म्हणतात. जाणारा व परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरची तफावत पडण्यापूर्वींच तें क्षणार्धांत वीज तोडतें. ज्या घरांत तें नाहीं, त्या घराच्या मालकानें दिवाणखान्याच्या शोभेवर खर्च करण्यापूर्वीं तें बसवून घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तर मग वीज खरोखर बंद करावी कशी? मीटरजवळील मेन स्विच बंद करावा. तोहि असा कीं जो फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम तोडतो. चाळींत अनेक बिऱ्हाडांचे स्विच एका फळीवर असतात. तेथें आपला स्विच कोणता याची आधीं खात्री करून घ्यावी, आणि दुसऱ्या कोणीं अजाणतां तो पुन्हां लावूं नये म्हणून एक माणूस तेथें उभा करावा. जुन्या पद्धतीचा फ्यूज असेल तर मेन स्विच बंद केल्यावर तो काढून आपल्या खिशांतच ठेवावा.

इन्व्हर्टर असलेल्या घरांनीं तर विशेषच सावध असावें. मेन स्विच बंद होतांच इन्व्हर्टरला वाटतें कीं बाहेरची वीज गेली, आणि तो आपल्या बॅटरींतून त्याच दिव्यांस वीज देऊं लागतो! म्हणून आधीं इन्व्हर्टर बंद करावा, मग मेन स्विच. भारनियमनाच्या वेळीं आयतीच वीज नाहीं तर दिवा बदलून घ्यावा, असा विचारहि कोणीं मनांत आणूं नये. गेलेली वीज कोणत्या क्षणीं परत येईल याचा नेम नसतो, आणि ती येते तेव्हां बोटें होल्डरमध्यें असतात.

वीज बंद झाली कीं नाहीं हें पाहण्यास निऑन दिव्याचा टेस्टर स्वस्त व सोयीचा. पण न पेटलेला टेस्टर दोन अर्थ सांगतो: वीज नाहीं, किंवा टेस्टरच बिघडला आहे. यासाठीं मेन स्विच बंद करण्यापूर्वीं एखाद्या चालू प्लगमध्यें घालून तो पेटतो याची खात्री करून घ्यावी, मग वीज बंद करून त्याच प्लगमध्यें पुन्हां पाहावा, आणि दिवा निघाल्यावर होल्डरच्या दोन्ही टोंकांस लावावा. भर उन्हांत निऑनचा प्रकाश दिसत नाहीं. तेव्हां त्यावर हाताची सावली धरावी.

मेन बंद केल्यावर घरांत अंधार होणार. सबब हें काम दिवसाउजेडीं करावें हें उत्तम. गंमत अशी कीं तारेचे दिवे बहुधा दिवेलागणीसच जातात. थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या मानानें फारच थोडा असतो, त्यामुळें बटन लावतांच तिच्यांतून एकदम मोठा प्रवाह धांवतो व झिजलेली तार तेथेंच तुटते. तरी एक रात्र दुसऱ्या दिव्यावर काढल्यानें कोणाचें फारसें नुकसान होत नाहीं. नुकत्याच जळत असलेल्या दिव्यास निदान पंधरा मिनिटें निवूं द्यावें. खोलींत छताचा पंखा असेल तर त्याचीं पातीं पूर्ण थांबल्याशिवाय स्टुलावर चढूं नये. डोकें वर करून दिव्याकडे पाहणाऱ्यास मागचें पातें दिसत नाहीं. चाकांच्या खुर्चीवर किंवा एकावर एक रचलेल्या डब्यांवर कदापि चढूं नये. स्टूल धरावयास एक मोठें माणूस असावें. शाळेंतील मुलांनीं हें काम पाहावें, समजून घ्यावें, टॉर्च धरावा. पण एकट्यानें करूं नये.

दिवा नुसता अडकला असेल, तर त्याभोंवतीं जाड कापडी पिशवी किंवा टॉवेल गुंडाळावा, म्हणजे तो फुटलाच तर कांचा आंतच राहतील. कापड घसरत असेल तर स्वयंपाकघरांतला रबरी हातमोजा घालावा; रबराची पकड चांगली बसते व थोड्या जोरानें काम भागतें. टांगता होल्डर असेल तर दुसऱ्या हातानें होल्डर धरावा, नाहीं तर तार पिळली जाते. दिवा सरळ वर दाबावा, सोडावा, पुन्हां दाबावा. असें चार-पांच वेळां केल्यानें सांध्यांतली भुकटी मोडते. मग दाबून ठेवूनच किंचित् उजवीकडे व मग डावीकडे हलवावा. नेट कांचेवर न लावतां होतां होईल तों टोपीजवळ लावावा. कित्येक जण येथें तेल सोडण्याचा सल्ला देतात. तेल आंत जाऊन धूळ धरून ठेवतें, आणि फवाऱ्याचें तेल तर ज्वालाग्राही असतें. तें टाळावें. इतक्यानेंहि दिवा न सुटला तर वायरमनला बोलावून होल्डरच बदलून घ्यावा. करपलेला होल्डर वांचविण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं. त्यांत बसविलेला नवा दिवाहि पुढें तसाच अडकणार.

दिवा फुटून टोपी वर राहिली असेल तर काम अधिक नाजूक होतें. फुटलेल्या दिव्यांत मधली कांचेची दांडी व तींतून बाहेर आलेल्या दोन उघड्या तारा लोंबत असतात. अखंड दिव्यांत त्यांवर कांचेचें आवरण होतें. आतां त्या उघड्या आहेत, आणि वीज चालू असेल तर त्यांस बोट लागणें म्हणजे प्रत्यक्ष मुख्य तारेसच बोट लागणें. म्हणून वर सांगितल्याप्रमाणें वीज बंद करून दोन्ही तारांस टेस्टर लावून पाहावा. खालीं जुनी चादर किंवा वर्तमानपत्रें पसरावीं. लहान मुलांस व अनवाणी माणसांस खोलीबाहेर ठेवावें. आपण वर पाहत असतों आणि कांचा खालीं येत असतात, तेव्हां डोळ्यांवर चष्मा पाहिजेच. हातांत जाड चामडी मोजे असावे. मग लांब टोंकाच्या पकडीनें उरलेली कांच एकेक तुकडा करून उतरवावी. टोपीची कड पकडीनें किंचित् आंत वांकवून घट्ट धरावी, वर दाबावी व डावीकडे फिरवावी. कड धरतां येत नसेल तर मिटलेली पकड टोपीच्या आंत घालून उघडावी, म्हणजे तिचे दोन्ही पाय आंतून टोपीस दाबून धरतात. मग तसेंच दाबून फिरवावें. आट्यांची टोपी असेल तर दाबण्याचें कारण नाहीं, नुसतें फिरवीत जावें. पकडीच्या मुठीस रबर आहे म्हणून वीज बंद न करतां काम करणें हा शुद्ध अविचार होय. त्या रबरास कोठें बारीक भेग आहे हें कोणी पाहिलेलें असतें?

फुटलेल्या दिव्यावर अर्धा बटाटा रोवून तो फिरवावा, ही युक्ति पुष्कळांनीं ऐकली असेल. आट्यांच्या टोपींत ती कधीं साधतेहि. पण आपल्या संगिनी पद्धतींत दोन स्प्रिंगांविरुद्ध दाबून फिरवावें लागतें. त्या नेटानें बटाटा चिरतो, आणि हात नेमका कांचेवर जातो. शिवाय त्याचा रस वीजवाहक. तो होल्डरमध्यें गळला म्हणजे पुढच्या गंजाची पेरणी झालीच. बटाटा भाजीसाठीं ठेवावा.

फुटलेला दिवा सीएफएल, म्हणजे वळ्यावळ्यांच्या पांढऱ्या नळीचा असेल, तर त्यांत अल्प प्रमाणांत पारा असतो व त्याची वाफ श्वासावाटे जाणें हितावह नाहीं. खिडक्या उघडाव्या, पंखा बंद ठेवावा आणि दहा-पंधरा मिनिटें सर्वांनीं खोलीबाहेर जावें. त्या कांचा केरसुणीनें किंवा व्हॅक्यूम क्लीनरनें काढूं नयेत, कारण त्यामुळें पारा हवेंत पसरतो. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनीं त्या गोळा कराव्या, बारीक चुरा चिकटपट्टीनें टिपावा, फरशी ओल्या कागदानें पुसावी, आणि सर्व कांहीं झांकणाच्या बरणींत बंद करावें. मोठ्या ट्यूबलाइटलाहि हाच नियम. एलईडी दिव्यांत पारा नसतो. त्याचें प्लॅस्टिकचें अंग टोपीपासून तुटून येतें एवढेंच, व तेथेंहि पकडीची वरील रीतच चालते.

नवा दिवा बसविण्यापूर्वीं होल्डरमध्यें टॉर्चनें पाहावें. दोन्ही टोंकें सारखीं पुढें आलेलीं असावीं व दाबतां परत येणारीं असावीं. भिंतीवरचें बटन बंद ठेवूनच दिवा बसवावा. खुंट्या वांकांत गेल्या कीं हातास स्पष्ट जाणवतें. आट्यांचा दिवा बोटांच्या जोरानें बसेल तेवढाच बसवावा, वाजवीहून अधिक आंवळूं नये. होल्डरवर किंवा शेडवर जितक्या वॅटची मर्यादा लिहिलेली असेल तीहून मोठा दिवा लावूं नये. मग स्टूल बाजूस करून मेन स्विच लावावा, त्यामागून इन्व्हर्टर, आणि शेवटीं बटन.

इतकी काळजी घेऊनहि कोणास धक्का बसलाच व तो मनुष्य तारेस चिकटून राहिला, तर त्यास हातानें ओढूं नये. ओढणाराहि त्याच मार्गांत सांपडतो. प्रथम मेन स्विच बंद करावा. तें शक्य नसेल तर कोरड्या लांकडी काठीनें त्यास दूर लोटावें, व १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळव्यांनीं जोरानें व जलद दाब देत राहावें. ही रीत प्रत्यक्ष शिकूनच अंगवळणीं पडते. स्काउट व गाइड पथकांतील मुलामुलींनीं ती आपल्या शिक्षकांकडून अवश्य शिकून घ्यावी.

राहिल्या फुटलेल्या कांचा. त्या केराच्या डब्यांत तशाच टाकण्याची आपली संवय फार वाईट आहे. तो डबा आपण पुन्हां उघडीत नाहीं. पण सकाळीं कचरा नेणारी बाई त्यांत उघडा हात घालते. कांचा वर्तमानपत्राच्या चार-पांच घड्यांत गुंडाळून, दोऱ्यानें बांधून, वर मोठ्या अक्षरांत "कांच" असें लिहावें, आणि तिला वाचतां येत नसेल हें लक्षांत घेऊन पुडकें तिच्या हातीं देतांना तोंडानेंहि सांगावें.